अबूत्रिका निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली, तरी प्रेक्षक त्याच्याच नावाचा गजर का करतात?

प्रश्न : नवखा प्रेक्षक

२०१९ साली इजिप्तमध्ये झालेल्या आफ्रिका करंडकाचे सामने मी दूरचित्रवाणीवर पाहिले होते. यजमान संघाच्या सामन्यात बाविसावे मिनीट आले की, मैदानात विशेष काही घडत नसतानाही, प्रेक्षक एका नावाचा गजर करू लागत. सुरुवातीला मला वाटले की ते एखाद्या राखीव खेळाडूला मैदानात उतरवण्याची मागणी करीत असावेत. नंतर शोध घेतला तेव्हा कळले की ते नाव मोहम्मद अबूत्रिका याचे होते, २२ हा त्याच्या जर्सीचा क्रमांक होता, आणि तो २०१३ च्या अखेरीसच निवृत्त झालेला होता.

तेव्हापासून हे कोडे माझ्या मनात आहे. हा मधल्या फळीतील खेळाडू विश्वकरंडकाच्या मुख्य स्पर्धेत एकदाही खेळला नाही. युरोपातील एकाही क्लबकडून तो खेळला नाही; अमिरातीतील बनियास क्लबकडे उसनवारीवर काढलेला अल्प काळ सोडला, तर त्याची सारी कारकीर्द मायदेशातच गेली. देशाकडून १०० सामने आणि ३८ गोल, ही आकडेवारी मधल्या फळीच्या मानाने उत्तम आहेच, पण केवळ तेवढ्यावर एखाद्याचे नाव सहा वर्षांनंतर भरल्या स्टेडियममध्ये घेतले जात नाही. त्यातही समोर मोहम्मद सलाह खेळत होता, म्हणजे त्या देशाचा जगभर सर्वाधिक ओळखला जाणारा फुटबॉलपटू. तरीही गजर दुसऱ्याच नावाचा व्हावा, याचा अर्थ काय? ही लोकप्रियता खेळाची आहे, राजकारणाची आहे, की दोन्ही वेगळे काढताच येत नाही? ज्यांनी त्याला खेळताना पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : मधली फळी

मी त्याचे खंडीय सामने बरेच पाहिले असल्यामुळे आधी खेळाविषयी लिहितो. अबूत्रिकाची चर्चा हल्ली इतर कारणांनीच अधिक होते आणि तो मुळात किती सुंदर खेळायचा हे मागे पडते, याची मला नेहमी खंत वाटते.

तो आघाडीवीरांच्या मागे खेळत असे. वेग हे त्याचे शस्त्र नव्हते. अंगावर येणाऱ्या बचावपटूला तो पळून मागे टाकत नसे. चेंडू पायाशी येण्याआधीच त्याने पुढचा पास ठरवलेला असे आणि बचावपटू पोहोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असे. कैरोच्या अल अहली क्लबच्या त्या संघात मोहम्मद बरकत, इमाद मोतेब आणि अंगोलाचा फ्लाव्हिओ हे सतत धावणारे खेळाडू होते, आणि त्यांच्या धावण्याला अर्थ देण्याचे काम याच्याकडे होते. पोर्तुगीज प्रशिक्षक मॅन्युएल जोसे यांनी संघाची रचनाच अशी केली होती की निर्णायक चेंडू याच्या पायाशी यावा.

त्याचा उदय उशिरा झाला, हेही लक्षात घ्यावे लागेल. त्याचा जन्म १९७८ चा, गिझा भागातील नाहिया या गावचा. घरची परिस्थिती बेताची होती आणि लहानपणी त्याने वीटभट्टीवर काम केले होते. कैरो विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञान हा विषय घेतला. तरसाना या क्लबकडून खेळत तो २००४ च्या जानेवारीत अल अहलीत आला, तेव्हा तो पंचविशीत होता. युरोपीय क्लब ज्या वयाच्या खेळाडूंवर पैसे लावतात ते वय त्याच्या हातून तिथेच निसटले होते. त्यामुळे ‘तो युरोपात का गेला नाही’ या प्रश्नाचे उत्तर केवळ निष्ठा असे देणे मला पटत नाही. निष्ठा होतीच, पण वेळही टळून गेली होती. मात्र परिणाम असा झाला की त्याची सर्वोत्तम वर्षे, एकही न गळता, घरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर गेली. सलाहची सर्वोत्तम वर्षे त्याच प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिली आहेत. हा फरक लहान नाही.

आता ती वर्षे कशी होती ते पाहू. २००६ च्या आफ्रिका करंडकाचा अंतिम सामना कैरोत आयव्हरी कोस्टविरुद्ध झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. पेनल्टी शूटआऊटमध्ये गोलरक्षक इस्साम अल हदरीने दिदिए ड्रोग्बाचा फटका अडवला, आणि विजयावर शिक्कामोर्तब करणारी पेनल्टी अबूत्रिकाने मारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आफ्रिकी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत अल अहलीची गाठ ट्युनिशियाच्या स्फाक्सियनशी होती. कैरोतील पहिला सामना १-१ असा सुटलेला असल्यामुळे, परक्या मैदानावरील गोलाच्या नियमानुसार (बरोबरी झाल्यास परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ विजयी), राडेस येथील दुसरा सामना गोलशून्य राहिला असता तरी करंडक स्फाक्सियनला मिळाला असता. नव्वद मिनिटे संपली आणि फलक शून्यावरच होता. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला त्याने डाव्या पायाने, म्हणजे त्याच्या कमी वापराच्या पायाने, चेंडू जाळ्यात मारला. अल अहलीच्या चाहत्यांपुढे ‘राडेस’ एवढा शब्द उच्चारला तरी पुरते. कोणता गोल हे सांगावे लागत नाही.

महिनाभरात जपानमध्ये क्लब विश्वकरंडक झाला. तिथे मेक्सिकोच्या क्लब अमेरिकाला २-१ असे हरवून अल अहलीने तिसरे स्थान मिळवले. दोन्ही गोल याचेच होते आणि स्पर्धेत सर्वाधिक गोलही याचेच. २००८ मध्ये घानाची राजधानी अक्रा येथे आफ्रिका करंडकाच्या अंतिम सामन्यात कॅमेरूनविरुद्ध ७७ व्या मिनिटाला एकमेव गोल झाला. कॅमेरूनचा अनुभवी बचावपटू रिगोबर्ट साँग चेंडूवर रेंगाळला, मोहम्मद झिदानने चिकाटीने तो हिसकावला आणि अबूत्रिकाकडे दिला. खरे श्रम झिदानचे होते, हे मी आजही आग्रहाने सांगतो, पण लोकांच्या लक्षात शेवटचा स्पर्श राहतो. त्या वर्षी बीबीसीचा आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याला मिळाला, तोही युरोपात नाव गाजवणारे आफ्रिकी खेळाडू भरात असताना.

उत्तर २ : राखीव बाक

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु त्याने प्रश्न सुटत नाही असे मला नम्रपणे वाटते. निर्णायक गोल हेच कारण असते, तर गजर गेदोच्या नावाचाही व्हायला हवा होता. २०१० च्या आफ्रिका करंडकात दुखापतीमुळे अबूत्रिका संघात नव्हता. तरीही प्रशिक्षक हसन शेहाता यांच्या संघाने सलग तिसऱ्यांदा करंडक जिंकला. गेदो प्रत्येक सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरला, पाच गोल करून स्पर्धेत अव्वल ठरला आणि घानाविरुद्धच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोलही त्यानेच केला. त्याच्यासाठी कोणत्याही मिनिटाला कोणी उभे राहत नाही. म्हणजे जो खेळाडू त्या विजयात नव्हताच, त्याचे नाव उरले आणि ज्याने विजय मिळवून दिला त्याचे नाव स्पर्धेच्या नोंदीपुरते राहिले. याचे उत्तर मैदानाच्या रेषेबाहेर शोधावे लागेल.

उत्तर ३ : उत्तरेकडचा स्टँड

गेदोचे उदाहरण अगदी नेमके आहे. मी रेषेबाहेरच्या भागाविषयी लिहितो, थोडे लांबेल.

२००८ च्याच स्पर्धेत सुदानविरुद्ध गोल केल्यावर अबूत्रिकाने जर्सी वर उचलली आणि आतल्या सदऱ्यावरचा मजकूर जगाला दिसला : गाझाविषयी सहानुभूती. पंचांनी नियमाप्रमाणे पिवळे कार्ड दाखवले. त्या वेळी गाझाची नाकेबंदी सुरू होती आणि अरब जगतात लोकांच्या मनात जे होते ते एका खेळाडूने तीन-चार सेकंदांत सांगून टाकले. इजिप्तबाहेर, अगदी प्रतिस्पर्धी देशांतही, त्याला जे प्रेम मिळाले त्याची सुरुवात माझ्या मते तिथे आहे. फुटबॉलवरून इजिप्त आणि अल्जीरिया यांच्यात किती कटुता होती, हे २००९ च्या सुदानमधील ओमदुरमान येथील विश्वकरंडक पात्रता सामन्याच्या वेळी सर्वांनी पाहिले. तरीही हा एक खेळाडू त्या कटुतेच्या पलीकडे राहिला.

परंतु खरी गाठ बसली ती पोर्ट सईदमध्ये. १ फेब्रुवारी २०१२ रोजी तिथे अल मसरी आणि अल अहली यांचा लीग सामना होता. यजमानांनी तो ३-१ असा जिंकला आणि शेवटची शिट्टी वाजताच जमाव पाहुण्या प्रेक्षकांच्या स्टँडवर चालून गेला. बाहेर पडण्याचे दार बंद होते. सत्तराहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक कोवळी मुले होती, ‘अल्ट्रास अहलावी’ या चाहत्यांच्या संघटनेतली. जखमींना खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत आणले जात होते आणि एका तरुण चाहत्याने अबूत्रिकासमोरच प्राण सोडला. त्या रात्री त्याने, बरकतने आणि मोतेबने फुटबॉल सोडत असल्याचे जाहीर केले. पुढे ते परतले, पण अबूत्रिका परतताना काही गोष्टी सोबत घेऊन आला. मृतांच्या कुटुंबांना तो भेटत राहिला.

सप्टेंबर २०१२ मध्ये देशांतर्गत सुपर करंडकाचा सामना ठरला. मृतांना न्याय मिळेपर्यंत सामने होऊ नयेत अशी अल्ट्रासची मागणी होती. क्लबने खेळायचे ठरवले. अबूत्रिकाने खेळण्यास नकार दिला. अल अहलीने तो सामना जिंकला आणि आपल्या सर्वांत लाडक्या खेळाडूला दोन महिन्यांसाठी निलंबित केले, दंडही ठोठावला. संघातील बाकी खेळाडूंना मी दोष देत नाही. ते नोकरदार होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना तोच पेच पडला असणार. पण मुलगा गमावलेल्या घरात कोणाचे चित्र लावले जाईल, हे त्या दिवशी ठरले.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाही तर हे उत्तर स्तुतिपाठ होईल. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचे मोहम्मद मुर्सी यांना उघड पाठिंबा दिला होता. जुलै २०१३ मध्ये मुर्सी यांना सत्तेवरून दूर केल्यानंतर देश ज्या प्रकारे दुभंगला, त्यात अबूत्रिकाचे चाहतेही दुभंगले. त्याच्या गोलांवर वाढलेल्या कित्येकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि ती माणसे खोटी होती असे मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये त्याच्या प्रवास कंपनीची मालमत्ता गोठवण्यात आली. ती मुस्लिम ब्रदरहूडला पैसा पुरवत असल्याचा सरकारी समितीचा आरोप होता. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने त्याचे नाव हजाराहून अधिक इतर नावांसह दहशतवाद्यांच्या यादीत घातले. हे आरोप त्याने सातत्याने नाकारले आहेत. त्या वेळी तो कतारमध्ये होता आणि बीइन स्पोर्ट्स वाहिनीवर सामन्यांचे विश्लेषण करीत होता. पुढच्याच महिन्यात त्याचे वडील वारले आणि अंत्यविधीला त्याला येता आले नाही. कायदेशीर लढाई पुढे अनेक वर्षे चालली. तिचे तपशील हा या प्रश्नाचा विषय नाही.

मला इतकेच नोंदवायचे आहे की, ज्याच्याविषयी देशातील वाहिन्यांवर चांगले बोलणे कठीण झाले होते, त्याच्या नावाचा गजर ही साधी आठवण राहत नाही. साठ हजार लोकांत एकाचा आवाज कोणाचा हे ओळखता येत नाही आणि थेट प्रक्षेपण मध्येच थांबवताही येत नाही. प्रश्नकर्त्यांनी पडद्यावर जे ऐकले त्यात याचाही वाटा होता.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : नवखा प्रेक्षक

सर्वांचे आभार. पोर्ट सईदविषयी मला केवळ ‘दंगल’ एवढेच ठाऊक होते. कपडे बदलण्याच्या खोलीतला प्रसंग वाचून सुन्न झालो. एक उपप्रश्न विचारतो. जर तो आज कैरोत राहत असता, एखाद्या संघाचा प्रशिक्षक किंवा क्लबचा पदाधिकारी असता, तर हा गजर इतकाच राहिला असता का? आणि जे चाहते त्याच्या राजकारणाशी सहमत नाहीत, ते बाविसाव्या मिनिटाला काय करतात?

उत्तर ४ : जुने तिकीट

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. काही गप्प बसतात. काही, माझ्या ओळखीतलेही, मुर्सींवरून त्याला नावे ठेवतात आणि तरीही उभे राहतात, कारण त्यांच्या लेखी तो गजर २००६ च्या खेळाडूसाठी असतो. माणूस तुकड्यांत आवडू शकतो. कतारमधून बोलतानाही त्याने वाद ओढवून घेतले आहेत. २०२१ च्या अखेरीस इंग्लंडमधील प्रीमियर लीगने समलैंगिकांना पाठिंबा म्हणून चालवलेल्या मोहिमेवर त्याने वाहिनीवरून कडवी टीका केली, तेव्हा युरोपात त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि अरब जगतात मोठ्या वर्गाने त्याला उचलून धरले. मला स्वतःला ते बोलणे आवडले नाही. लोकप्रियतेला अशा गोष्टींनी धक्का बसेल असे बाहेरच्या माणसाला वाटते. तिथल्या बहुसंख्य चाहत्यांच्या दृष्टीने मात्र तो जसा होता तसाच राहिला, एवढाच त्याचा अर्थ होता.

पहिल्या भागाचे माझे उत्तर थोडे वेगळे आहे आणि वरच्या तिन्ही उत्तरांत ते आलेले नाही. अबूत्रिकाला निरोप दिला गेलाच नाही, असे माझे म्हणणे आहे.

त्याच्या शेवटच्या दोन वर्षांचा क्रम पाहा. पोर्ट सईदनंतर लीग रद्द झाली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवले गेले आणि २०१३ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा अर्ध्यावर सोडावी लागली. म्हणजे ज्या प्रेक्षकांसमोर त्याची सारी कारकीर्द घडली, ते तिच्या अखेरीला लीगच्या सामन्यांत हजरच नव्हते. ऑक्टोबर २०१३ मध्ये विश्वकरंडक पात्रतेच्या अखेरच्या टप्प्यात घानाने कुमासीत इजिप्तचा ६-१ असा धुव्वा उडवला; इजिप्तचा तो एकमेव गोल याने पेनल्टीवर केलेला होता, आणि विश्वकरंडकाचे त्याचे स्वप्न तिथेच संपले. नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ऑरलँडो पायरट्सविरुद्ध आफ्रिकी चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत झाली. पस्तिशीत असलेल्या या माणसाने पहिल्या सामन्यात फ्री किकवर गोल केला, दुसऱ्या सामन्यातही गोल केला आणि क्लबला आपल्या कारकिर्दीतला पाचवा आफ्रिकी करंडक मिळवून दिला. डिसेंबरमध्ये मोरोक्कोतील क्लब विश्वकरंडकानंतर तो थांबला. मायदेशी भरल्या स्टेडियममध्ये शेवटची फेरी मारणे, जर्सी काढून हात हलवणे, समोरच्या संघाने टाळ्या वाजवणे, हे जे मोठ्या खेळाडूच्या वाट्याला सहज येते त्यातले काहीच झाले नाही. नंतर तो देशाबाहेर गेला आणि परतणे अवघड झाले. प्रेक्षकांना स्टेडियममध्ये यायलाही त्यानंतर कित्येक वर्षे बंदी किंवा मोठी मर्यादा होती. २०१५ मध्ये झमालेक या कैरोतील दुसऱ्या मोठ्या क्लबच्या सामन्याआधी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरी होऊन वीस चाहते मेले, तेव्हा ती आणखी घट्ट झाली.

आता २०१९ चा विचार करा. अनेक वर्षांनी कैरोचे आंतरराष्ट्रीय स्टेडियम काठोकाठ भरले होते. हे तेच स्टेडियम जिथे त्याने २००६ ची पेनल्टी मारली होती. इतक्या काळाने एकत्र जमलेल्या लोकांनी, जे तेव्हा म्हणता आले नव्हते ते म्हणून घेतले. त्या स्पर्धेत केवळ बाविसावे मिनीट नव्हते. विसाव्या मिनिटाला त्या वीस चाहत्यांची आठवण काढली जाई, आणि पोर्ट सईदच्या मृतांसाठीही वेगळे मिनीट होते. मृतांच्या रांगेत एका जिवंत माणसाचे मिनीट यावे, हे मला त्या वेळी जरा अंगावर आले होते. तो कैरोत राहून प्रशिक्षक झाला असता तर एखादा सामना हरल्यावर त्याच लोकांनी त्याचा राजीनामा मागितला असता, यात मला शंका नाही. दूर गेल्यामुळे तो हरू शकत नाही.

सलाहशी तुलना मात्र मला गैरलागू वाटते. २०१७ मध्ये काँगोविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी मारून त्याने देशाला १९९० नंतर प्रथमच विश्वकरंडकात नेले. अबूत्रिकाला जे जमले नाही ते याने केले. दोघांपैकी एकाची निवड करा, असे कैरोतल्या चाहत्याला कोणी विचारतच नाही.

उत्तर ५ : मधली फळी

निरोपाचा मुद्दा मला पूर्ण पटला आणि माझ्या आधीच्या उत्तरातील एका विधानाचा अर्थही त्यामुळे बदलला. सर्वोत्तम वर्षे घरच्या प्रेक्षकांसमोर गेली, असे मी लिहिले होते. शेवटची वर्षे त्यांच्यापासून हिरावली गेली, हे मी लक्षात घेतले नव्हते.

प्रश्नकर्त्यांना एक सूचना करतो. राडेसचा तो सामना मिळाल्यास केवळ शेवटचा गोल पाहू नका. भरपाई वेळेच्या आधीची निदान वीस मिनिटे पाहा. स्फाक्सियनला काहीच करायचे नव्हते, फक्त वेळ काढायचा होता, आणि घरच्या मैदानावर तो कसा काढायचा हे त्यांना उत्तम माहीत होते. त्या कोंडीतून गेल्यावरच तो डावा पाय पाहावा.